पाऊस, पीक आणि राजाची गादी

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावाबाहेर, एका वावरात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, वडा आणि त्यातच पान-सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना कोणते ढेकूळ भिजले, कोणता दाणा घरंगळला हे पाहून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला अकोल्या-अमरावतीकडून, खानदेशातून कास्तकार येतात.

हवामानशास्त्राच्या कसोटीवर या भाकिताला आधार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचे आहे ते त्या पान-सुपारीविषयी. ती राजाच्या गादीची खूण. म्हणजे यंदा पाऊस किती, पीक कसे आणि गादीवर बसलेल्याचे काय, हे तिन्ही प्रश्न एकाच रिंगणात मांडलेले असतात. वऱ्हाडातल्या माणसाने ते कधी वेगळे केलेच नाहीत. वेगळे केले ते आपण, शिकलेल्यांनी. विद्यापीठात पाऊस एका इमारतीत असतो, पीक दुसऱ्या आणि राज्यशास्त्र तिसऱ्या. ज्या अभ्यासक्षेत्राची ही प्रस्तावना आहे, ते या तीन इमारतींच्या मधले अंगण समजा. तिथे अजून फारशी गर्दी नाही. बसायला जागा भरपूर आहे. या.

क्षेत्राचा प्रश्न साधा आहे. देशाच्या हवामान धोरणाला लोकांचा आणि राजकारण्यांचा पाठिंबा कसा मिळतो, कशाने टिकतो आणि कशाने तुटतो? धोरणाची बाजू आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक असते. ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात आठ अभियाने होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो इथे पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने आपली आंतरराष्ट्रीय बांधिलकी सुधारली : २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचे आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करायचा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून निघतो, असे म्हटले. आराखडा, लक्ष्य, हक्क, सगळे कागदावर आहे. यांतले काय अंजनगावच्या पारावर पोचले आणि कोणत्या नावाने पोचले, इथून आपला अभ्यास सुरू होतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. लोकांना हवामान बदल कळत नाही, म्हणून आधी त्यांचे प्रबोधन करायचे आणि मग ते पाठिंबा देतील, अशी समजूत पुष्कळ चांगल्या माणसांची असते. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतात केलेल्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी सांगितले की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला फार थोडे माहीत आहे किंवा आपण तो शब्दच ऐकलेला नाही. मग त्यांना दोन वाक्यांत अर्थ सांगितला. त्यावर ८४ टक्के म्हणाले की होय, हे घडते आहे. या दोन आकड्यांमधली दरी अज्ञानाची नाही, शब्दाची आहे. मराठीत तर तिढा आणखी वाढतो. वर्तमानपत्र ‘हवामान बदल’ लिहिते, मंत्रालयातल्या विभागाच्या पाटीवर ‘वातावरणीय बदल’ आहे, हिंदी वाहिनी ‘जलवायु परिवर्तन’ म्हणते. आणि वरुडचा बागाईतदार सांगतो की ताण बसत नाही. त्याच्या तीन शब्दांत सगळे येते. मृगबहारासाठी उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो आणि जूनमध्ये पाऊस वेळेवर यावा लागतो. मे महिन्यात अवकाळी कोसळला की ताण मोडतो, जून कोरडा गेला की फुटलेली नवती सुकते. बहार हुकला की वर्ष हुकले. त्या माणसाला हवामान बदल समजावून सांगायला जाऊ नये. त्याच्याकडून समजून घ्यावा.

आणखी एक आकडा वऱ्हाडातल्या चावडीवर तोंडपाठ असतो : ६५. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पंचनामा, नुकसानभरपाई, तहसीलमधली यादी या साऱ्यांची कळ त्या आकड्यात असते. शेजारच्या मंडळात ६८ झाला आणि आपल्या मंडळात ६१, तर नाला दोन्हीकडे तसाच फुगलेला असतो, पण पैसे एकाच बाजूला येतात. रात्री धो-धो कोसळून सकाळी उघडीप झाली की पहिला फोन असतो, “आपल्या मंडळात किती पडला जी?” मिलिमीटरवरून इतके कडाक्याचे राजकारण करणाऱ्या समाजाला हवामानाविषयी उदासीन म्हणणे हा अभ्यासकाचा आळस आहे.

उन्हाचेही तसेच झाले. अकोल्याच्या पाऱ्याची बातमी दर मे महिन्यात येते आणि आपण ती कौतुकमिश्रित कण्हत वाचतो. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मात्र अकोला जिल्हा प्रशासनाने उष्णतेसाठी कलम १४४ लावले. दंगलीच्या वेळी वापरायचे कलम उन्हासाठी! ३१ मेपर्यंत भर दुपारचे शिकवणी वर्ग बंद. कामाच्या ठिकाणी मजुरांना पिण्याचे पाणी आणि सावली देणे बंधनकारक. त्या आदेशात हवामान धोरणाचे बीज होते : ऊन हा केवळ ऋतू नाही, तो शासनाच्या जबाबदारीचा विषय आहे, अशी ती कबुली होती. तो आदेश आठवडाभरात संपला. त्याचे कायम नियमात रूपांतर व्हावे अशी मागणी कोणी करायची? क्लासचालकाने, मजुराने की नगरसेवकाने? पाठिंब्याचा अभ्यास म्हणजे अशा न झालेल्या मागण्यांचाही अभ्यास.

या क्षेत्रात मला जे सांगायचे आहे ते एका वाक्यात मावते. लोक धोरणाच्या मागे उभे राहतात ते त्यांच्या चालू गाऱ्हाण्याला ते धोरण उत्तर ठरते तेव्हा. आणि उभे राहतात तितकाच काळ, जितका काळ त्या उत्तराचा हिशेब त्यांना डोळ्यांनी दिसतो. वऱ्हाडातलीच उदाहरणे घेऊ.

डिसेंबरची रात्र. हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे आणि थ्री-फेज लाइन रात्री बाराला येणार आहे. कास्तकार बॅटरी, काठी घेऊन, मफलर गुंडाळून वावरात जातो. साप, रानडुक्कर, उघड्या तारा, सगळ्यांची भीती एका बॅटरीच्या उजेडात वागवतो. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी त्या बांधावरून निघाली. शेतकरी संघटनांनी त्यासाठी मोर्चे काढले, महावितरणच्या कार्यालयांना घेराव घातले. त्या मोर्च्यांत कर्ब उत्सर्जनाचा शब्द कोणी उच्चारला नाही. पण दिवसा सूर्य असतो. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कृषी फीडर सौर प्रकल्पाला जोडायचा, प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि ग्रामपंचायतीलाही प्रोत्साहनाची रक्कम. बांधावरचे गाऱ्हाणे आणि देशाने जगाला दिलेला शब्द एका तारेवर आले. २००८ च्या राष्ट्रीय आराखड्यातच ‘सहलाभ’ ही कल्पना आहे : विकासाचे काम करता करता हवामानाचेही साधायचे. दिल्लीतल्या त्या शब्दाला बांधावर ‘दिवसाची लाइन’ म्हणतात.

पोकराचेही तसेच. पोकरा म्हणजेच नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झाला. मराठवाडा-विदर्भातली दुष्काळप्रवण गावे आणि पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातली गावे मिळून पाच हजारांवर गावे त्यात होती. खारपाण पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे. पिकाला दिले की जमीन फुगते आणि कडक होते. तिथे पावसाचे गोडे पाणी अडवणारे शेततळे हाच आधार. गावाच्या ग्राम कृषी संजीवनी समितीने आराखडा करायचा आणि अनुदान थेट खात्यात. ‘पोकरा’तला मधला ‘क’ हा ‘क्लायमेट’चा आहे, हे शेततळे खोदणाऱ्या किती जणांना ठाऊक होते? फारशांना नसावे. त्यावाचून काही अडलेही नाही. पण अभ्यासकाला इथे थांबावे लागते. धोरण आपल्या नावाशिवाय गावात शिरले तर त्याला मते मिळतात. मात्र पुढे ते बंद पडले तर नेमके काय बंद पडले हेही कोणाला कळत नाही.

आता उलटे उदाहरण. २०१० च्या सुमारास अमरावतीजवळ नांदगावपेठला मोठा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहू लागला तेव्हा जिल्ह्यात आंदोलन पेटले. लोकांच्या तोंडी त्या प्रकल्पाचे नाव ‘सोफिया’. मुद्दा होता अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याचा : सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी कोळशाच्या प्रकल्पाला का? सभा झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले. १३५० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिलाच. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कोळशाच्या विरोधात वऱ्हाडात उभे राहिलेले एवढे मोठे जनमत धुराबद्दल नव्हते, पाण्याबद्दल होते. ते आंदोलन हवामानाचे म्हणायचे का? माझ्या मते म्हणायचे; पण आंदोलकांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की गाऱ्हाण्याला धोरण जोडले की काम फत्ते. तसे नाही, आणि या क्षेत्राची खरी गोडी तिथेच आहे. वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा घ्या. भूजलाचा उपसा इथे कित्येक वर्षे पुनर्भरणाच्या पुढे धावतो आहे. बोअर खोल जात राहिले आणि बागा वाळत राहिल्या. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ज्या पहिल्या तीन तालुक्यांत झाली त्यांत आंबेजोगाई आणि कोरेगावबरोबर वरुड होता. एप्रिल-मेच्या उन्हात माणसे पहाटे कुदळ-फावडे घेऊन निघाली, सलग समतल चर खोदले. एकमेकांशी न बोलणारी घरे एका टोपल्याला हात लावू लागली. पाणी जिरवण्याला मिळालेला हा जनाधार खराच होता. पण २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, आणि सौरपंपाला तर एकदा बसवला की युनिटचा हिशेबच नाही. सूर्य आहे तोवर पाणी ओढा. म्हणजे हवामानाला एका बाजूने मदत करणारे धोरण दुसऱ्या बाजूने श्रमदानाने जिरवलेले पाणी उपसायची मुभा देते, आणि दोन्ही लोकप्रिय आहेत! लोकप्रियता आणि शहाणपण यांची गाठ घालून देणे हे राजकारणाचे काम. ती कुठे सुटते हे दाखवणे आपले.

मग येतो सर्वांत अवघड प्रश्न : पैसे कोणाचे? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले की ज्यांना थोडक्या जणांत मोठा तोटा होतो ते चटकन संघटित होतात, आणि ज्यांचा लाभ लाखोंत वाटला जातो ते होत नाहीत. हवामान धोरणाचे दुखणे नेमके हेच. फ्रान्सने इंधनावरचा कर वाढवायला घेतला तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. कॅनडाने कर्बकराचे बरेचसे पैसे कुटुंबांना परत केले, तरीही सामान्य ग्राहकावरचा तो कर एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकावा लागला. पंपावर दिलेला पैसा प्रत्येकाला दिसत होता. खात्यात परत आलेला कित्येकांच्या लक्षातच येत नव्हता.

या कोड्याचे एक उत्तर महाराष्ट्राकडे आहे आणि ते आपल्या पगारपत्रकात दडलेले आहे. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापून जातात; ओळीचे नाव व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. रोजगार हमी योजनेचा प्रयोग वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याआधी तासगाव तालुक्यात झाला होता. १९७७ मध्ये कायदा झाला, आणि पैसा उभा राहिला तो शहरांतल्या पगारदार-व्यावसायिकांवर बसवलेल्या या करातून, जोडीला राज्याचा तितकाच वाटा. शहराने खेड्यातल्या मजुरीचा भार उचलला, कारण दुष्काळात खेडे उठून शहरात येते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. दगड फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा हक्क मिळाला. विरोधी पक्षांनी कामे मागण्यासाठी मोर्चे काढून ती योजना आणखी घट्ट रुजवली. आणि २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. हवामानाच्या आपत्तीतून निघालेले, स्पष्ट देणेकरी असलेले आणि राज्यातून देशाकडे गेलेले धोरण आपल्याच घरात घडले आहे. हवामान धोरणाच्या जागतिक पाठ्यपुस्तकांत त्याचा अभ्यास त्या नजरेने क्वचितच होतो. तो मराठीत व्हायला हवा.

नव्या अभ्यासकाला सिद्धान्त लागतील, ते घ्यावेत. जॉन किंग्डन यांनी १९८४ मध्ये मांडले की प्रश्न, उपाय आणि राजकारण असे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत असतात आणि ते क्वचित एकत्र येतात तेव्हाच धोरणाचे दार उघडते. दिवसाच्या विजेची गोष्ट त्या चौकटीत चपखल बसते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की सामाईक साधने लोक स्वतः नियम करून राखू शकतात. त्याचा पुरावा शोधायला परदेशात जायला नको. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने उजाड माळावर पुन्हा जंगल उभे केले. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच विचारले होते की गरिबाचे जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि श्रीमंताचे चैनीचे उत्सर्जन एकाच तराजूत कसे तोलायचे. तो प्रश्न देशांच्या संदर्भात होता. आज तो अमरावतीच्या राजापेठेला आणि मेळघाटातल्या पाड्याला लावून पाहण्यासारखा आहे.

पण पद्धत शिकायची तर मी दापुऱ्याचे बोट धरीन. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले, दापुऱ्याला आजोळी वाढलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. कीर्तनात ते सांगत कमी, विचारत जास्त. एकामागून एक साधे प्रश्न, आणि उत्तरे समोरच्या माणसांच्या तोंडून. ऐकणारा आपल्याच उत्तरात अडकायचा आणि आपणहून निष्कर्षाला पोचायचा. दोन गोष्टी यात आहेत. आधी हातात खराटा, मग तोंडात शब्द. आणि मत बनवून द्यायचे नाही, ते माणसाकडून वदवून घ्यायचे. जनमताचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रश्नावली छापण्याआधी या कीर्तनाचे तंत्र समजून घ्यावे.

साधने आसपास पडलेली आहेत. मंडळनिहाय पावसाच्या नोंदी, ग्रामसभांचे ठराव, विधानसभेतले तारांकित प्रश्न, पक्षांचे जाहीरनामे, बाजार समित्यांच्या निवडणुकांतली पत्रके, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले संशोधन. ज्यांच्या नावाने ते विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झाले ते पापळचे पंजाबराव १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते. वऱ्हाडातला प्रश्न दिल्लीत धोरण म्हणून मांडता येतो, याचे ते घरचे उदाहरण.

शेवटी, जे अजून कोणी नीट विचारलेले नाही त्याकडे बोट दाखवतो. बाळापूर तालुक्यात पारसला ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. उद्या कोळसा मागे पडला तर तिथल्या कंत्राटी कामगाराने हवामान धोरणाला पाठिंबा का द्यावा? दुसरा प्रश्न मे महिन्यात वावरात धसकटे वेचणाऱ्या बाईचा. सौरपंप, शेततळे, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, सगळ्यांचा रस्ता सातबाऱ्यावरून जातो आणि तिच्या नावावर सातबारा नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की तिची मजुरी बुडते, पण त्याचा पंचनामा होत नाही. वर मी ज्या पाठिंब्याचे गोडवे गायले तो बहुतांशी जमीनधारकांचा आहे, ही त्या सगळ्या मांडणीतली उणीव मला दिसते. ती भरून काढणारा अभ्यासक हे वाचणाऱ्यांपैकीच कोणी असेल, अशी आशा आहे.

तेव्हा पुढच्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळला जाऊन या. सूर्य उगवायच्या आधी पोचा, पण घटाकडे पाठ करा आणि गर्दीकडे तोंड करून उभे राहा. भाकीत सुरू झाल्यावर कोण पावसाच्या वेळी कान टवकारतो, कोण पिकाच्या, कोण गादीच्या, आणि कोण रिंगणापासून लांब उभा राहून काहीच विचारत नाही, हे वहीत टिपा. तुमचे पहिले प्रकरण तिथेच मिळेल.

अमरावती